बेर्दाच्या नकाशावरच्या रेषा

अभ्यासक : सीब्रीम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माशांचे कुल म्हणजे स्पॅरिडी. जगभरच्या उष्ण आणि समशीतोष्ण किनाऱ्यांवर या कुलाच्या दीडशेहून अधिक जाती आढळतात. भूमध्य समुद्र आणि आफ्रिकेचे दक्षिण टोक या दोन ठिकाणी त्यांची विविधता विशेष आहे. कुलातली अकँथोपॅग्रस ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, हिंदी महासागरात आणि पश्चिम पॅसिफिकमध्ये राहते. तांबडा समुद्र, आफ्रिकेचा पूर्व किनारा, इराणचे आखात, भारत, चीन, जपान, ऑस्ट्रेलिया असा तिचा विस्तार आहे. उथळ किनारा, खाडीचे तोंड आणि खारफुटीची मुळे ही या माशांची आवडती ठिकाणे. खाऱ्या पाण्यातून निमखाऱ्यात आणि तिथून परत, अशी ये-जा त्यांना सहज जमते. शरीर उंच आणि दोन्ही बाजूंनी चपटे असते. पाठीच्या परावर अकरा काटे असतात, पोटाकडच्या मागल्या परावर तीन. या तिनांतला दुसरा काटा इतका जाड आणि मजबूत असतो, की मासा हातात धरणाऱ्याला तो आधी जाणवतो. प्रजातीच्या नावातला ‘अकँथो’ हा ग्रीक शब्दही काट्याचाच आहे. जबड्याच्या पुढच्या भागात सुळ्यांसारखे दात आणि मागे दाढांच्या तीन-चार ओळी, असा सगळा सरंजाम कालवे आणि खेकडे फोडण्यासाठी असतो.

साशंक : ही सगळ्यांना मान्य असलेली बाजू झाली. वाद आहे तो या प्रजातीत जाती किती यावर. विसाव्या शतकातल्या पुस्तकांत राखाडी-काळपट अकँथोपॅग्रस बेर्दा हा एकच मासा दक्षिण आफ्रिकेच्या नदीमुखांपासून भारतमार्गे जपान आणि ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला दाखवला जाई. पिवळ्या परांच्या अकँथोपॅग्रस लाटसचाही नकाशा तसाच लांबलचक, इराणच्या आखातापासून जपानपर्यंत. मग २००६ ते २०१३ या काळात या प्रजातीत दहाच्या आसपास नव्या जातींची भर पडली आणि एकूण संख्या विसाच्या घरात गेली. दोन्ही मोठ्या नकाशांचे तुकडे झाले. मासे तेच होते, पाणीही तेच होते, बदलली ती फक्त नावे. शिवाय या कामाच्या बहुतेक निबंधांवर मियाझाकी विद्यापीठाचे युकियो इवात्सुकी हे एकच नाव पुन्हा पुन्हा दिसते, कधी दक्षिण आफ्रिकेच्या फिलिप हीमस्ट्रांबरोबर, कधी अमेरिकेच्या केंट कार्पेंटरांबरोबर. एका नजरेला भेद दिसू लागले की ते सगळीकडेच दिसतात. यातून माशांबद्दलचे ज्ञान वाढले की फक्त यादी लांबली, हे आधी ठरायला हवे.

अभ्यासक : ‘नव्या जाती’ या शब्दांमुळे गैरसमज होतो. या कामाचा मोठा भाग जुनीच नावे पुन्हा उभी करण्याचा आहे. बेर्दा हे नाव पेटर फॉर्स्कोल या निसर्गशास्त्रज्ञाने दिले. डेन्मार्कच्या राजाने १७६१ मध्ये अरबस्तानाकडे पाठवलेल्या मोहिमेत तो होता. तांबड्या समुद्राच्या काठावरचे मासे नोंदवताना त्याने तिथल्या लोकांच्या तोंडची अरबी नावेच लॅटिन वर्णनात घेतली. बेर्दा आणि सार्बा ही त्यातलीच. १७६३ च्या जुलैत येमेनमध्ये हिवतापाने तो दगावला. उरलेले सोबती जहाजाने मुंबईकडे निघाले. त्यांतले दोघे समुद्रातच गेले आणि आणखी एक मुंबईत. एकटा कार्स्टेन नीबूर वाचला, आणि त्यानेच मित्राची टिपणे १७७५ मध्ये कोपनहेगनला छापून घेतली. म्हणजे बेर्दा हे नाव तांबड्या समुद्रातल्या माशाचे. पुढे विल्हेल्म पेटर्सने मोझांबिकच्या माशाला १८५२ मध्ये व्हॅगस हे वेगळे नाव दिले, आणि १८५५ मध्ये अकँथोपॅग्रस ही प्रजाती त्याच्याच आधारावर उभारली. नंतरच्या लेखकांना दोन्ही मासे सारखेच दिसले, म्हणून त्यांनी व्हॅगस हे नाव बेर्दाखाली टाकून दिले. २०१० मध्ये ते परत वर काढले गेले. डोक्यावर दोन काळे उभे पट्टे असलेल्या माशाचेही असेच झाले. फॉर्स्कोलने त्याला बायफॅसिएटस म्हटले होते, तर लासेपेदने १८०१ मध्ये कॅटेन्युला असे नाव दिले होते. दीर्घकाळ दोन्ही एकच मानले गेले. आता तांबडा समुद्र आणि आखाताकडचा तो बायफॅसिएटस, आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडचा तो कॅटेन्युला. एकोणिसाव्या शतकात दिसलेला फरक विसाव्या शतकाने पुसला होता. तो पुन्हा तपासला गेला, इतकेच.

साशंक : नाव जुने आहे एवढ्याने ते खरे ठरत नाही. त्या काळी प्रत्येक बंदरातल्या माशाला वेगळे नाव देण्याची रीत होती, कारण दोन बंदरांतले मासे शेजारी ठेवून पाहायची सोय फार थोड्यांना होती. प्रजातीचे नावसुद्धा स्थिर नव्हते. हेच मासे आधी स्पॅरस होते, फ्रान्सिस डे यांच्या १८७५ ते १८७८ च्या ‘फिशेस ऑफ इंडिया’त क्रायसोफ्रिस झाले, मधल्या काळात मायलिओ झाले, आणि शेवटी अकँथोपॅग्रस. वरच्या पातळीवरचा अनुभव तर याहून बोलका आहे. स्पॅरिडी कुलाची उपकुले दातांवरून पाडली होती: पुढे सुळे असणारे एकीकडे, दाढा असणारे दुसरीकडे, शेवाळ कातरणारे चपटे दात असणारे तिसरीकडे. मांडणी सुबक होती आणि पाठ करायलाही सोपी. २००२ मध्ये टॉम ऑरेल, कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायटोक्रोम-बी या जनुकाची तुलना केली, तेव्हा ही उपकुले नैसर्गिक गट नसल्याचे दिसले. त्याच सुमारास हाडांच्या अभ्यासातूनही तसाच निष्कर्ष निघाला. एवढेच नव्हे, वेगळ्या कुलात ठेवलेले स्पायकारा हे मासेसुद्धा स्पॅरिडीच्या आतच निघाले. जिथे दात फसवतात, तिथे खवल्यांवर विश्वास कशासाठी?

अभ्यासक : दात का फसले हे कळले, म्हणूनच तो प्रश्न सुटला. दात खाण्याच्या सवयीबरोबर बदलतात. कठीण कवचाचे अन्न खाणारे मासे या कुलात वेगवेगळ्या शाखांमध्ये स्वतंत्रपणे घडले, त्यामुळे दाढा म्हणजे जवळच्या नात्याची खूण नव्हे. पण ही अडचण लक्षावधी वर्षांपूर्वीच्या फाट्यांची आहे. दोन शेजारी जाती वेगळ्या ओळखायच्या असतात तेव्हा प्रश्न नात्याचा नसतो, सातत्याचा असतो. एखादी खूण एका किनाऱ्यावरच्या सगळ्या माशांत सारखी आणि दुसऱ्या किनाऱ्यावर सगळ्यांत वेगळी आहे का, एवढेच पाहायचे असते.

खवले मोजण्यामागे आणखी एक कारण आहे. फॉर्स्कोलने मासे वनस्पतींसारखे जपले होते. मासा उभा चिरायचा, एका बाजूची कातडी परांसकट सोलायची, वाळवायची आणि कागदाच्या तावावर चिकटवायची. असे शंभराच्या आसपास मासे कोपनहेगनच्या संग्रहालयात आजही आहेत. अडीचशे वर्षांच्या या कातडीवर रंग उरत नाही. पिवळा पर आणि काळा पर दोन्ही तपकिरी होतात. पण काटे मोजता येतात आणि खवले मोजता येतात. पाठीवरच्या पाचव्या काट्याच्या मुळाशी सुई टेकवायची आणि तिथून माशाच्या कुशीवरून गेलेल्या पार्श्वरेषेपर्यंत तिरके खाली येत ओळी मोजायच्या. काट्याच्या मुळाशी खवला अर्धाच बसलेला असतो, म्हणून आकडा साडेतीन किंवा साडेचार असा येतो. जपान-चीनकडच्या काळ्या सीब्रीममध्ये, म्हणजे अकँथोपॅग्रस श्लेगेलीमध्ये, तो याहून मोठा असतो. जुन्या नावाचा मूळ नमुना आणि कालच्या जाळ्यातला मासा यांना जोडणारी जी थोडी साधने आहेत, त्यांतले हे एक.

साशंक : साधन जुन्या कातडीवर चालते म्हणून ते पुरेसे ठरत नाही. साडेतीन आणि साडेचार यांत अंतर एका ओळीचे. अर्धा खवला कुठे धरायचा हे मोजणाऱ्याच्या हातावर असते. अळी ज्या तापमानाच्या पाण्यात वाढते त्यानुसार माशांच्या मणक्यांची आणि पराच्या किरणांची संख्या थोडी बदलते, हे मत्स्यशास्त्रात जुनेच ज्ञान आहे. खवल्यांच्या ओळी अशा परिणामापासून मुक्त आहेत असे गृहीत धरणे घाईचे. आधाराला जनुके घेतली जातात, पण पुष्कळदा ती पेशीतल्या मायटोकाँड्रियाची, म्हणजे फक्त आईकडून आलेली. मादी जन्मल्या खाडीच्या आसपास राहत असेल आणि नर लांब फिरत असतील, तर हा पुरावा प्रत्यक्षापेक्षा मोठे अंतर दाखवील. आणि जिथे दोन जाती एकाच पाण्यात भेटतात, तिथे काय होते ते ऑस्ट्रेलियात दिसलेलेच आहे.

अभ्यासक : ऑस्ट्रेलियाचे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण तिथे दोन्ही बाजूंना काही ना काही मिळते. त्या खंडाच्या पूर्व किनाऱ्यावर अकँथोपॅग्रस ऑस्ट्रॅलिस आहे, पिवळसर परांचा. तो वाढतो खाड्यांत, पण अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी, लाटा फुटतात त्या वाळूच्या दांड्यांपाशी येतो. दक्षिणेकडे अकँथोपॅग्रस बुचेरी आहे, गडद रंगाचा. त्याचे जवळजवळ सगळे आयुष्य एकाच खाडीत जाते, अंडीही तिथेच. पश्चिम ऑस्ट्रेलियात तर शेजारशेजारच्या दोन खाड्यांतले बुचेरी जनुकांनी वेगळे निघतात, इतकी त्यांची ये-जा कमी. या दोन जातींचे प्रदेश आग्नेय किनाऱ्यावर एकमेकांवर येतात. तिथे खाऱ्या तळ्यांची तोंडे वाळूच्या बांधाने महिनोन्महिने बंद होतात. समुद्राकडे निघालेला ऑस्ट्रॅलिस आत अडकतो आणि बुचेरीच्या काळात, बुचेरीच्या जागी वीण होते. संकर १९८० च्या दशकापासून नोंदवले गेले आहेत. पुढच्या जनुकीय अभ्यासांत असेही दिसले, की काही तळ्यांत शुद्ध बुचेरी थोडे आणि मिश्र मासेच जास्त आहेत. संकर वांझ नसतात, मूळ जातींशी त्यांची पुन्हा वीण होते. तरी त्या पट्ट्याच्या उत्तरेला ऑस्ट्रॅलिस ऑस्ट्रॅलिसच राहतो आणि पश्चिमेला बुचेरी बुचेरीच. भिंतीला दार आहे म्हणून भिंत नाही असे होत नाही.

साशंक : पण दार सतत उघडे राहिले तर भिंतीचा उपयोग काय? जाती म्हणजे आपापसांत वीण होणारा आणि इतरांपासून तुटलेला समूह, ही व्याख्या मानली तर त्या तळ्यांत ती टिकत नाही. आणि ती सोडली तर उरते रंग, खवले आणि भूगोल यांची बेरीज. ती बेरीज कुठे थांबवायची? एकेका खाडीतला बुचेरी जनुकांनी वेगळा असूनही त्याला एकच नाव चालते. मग बेर्दाचा पॅसिफिककडचा भाग वेगळा करून २०१० मध्ये त्याला पॅसिफिकस हे नाव देताना कुठली पट्टी वापरली? दोन्हीकडे एकच नियम दिसायला हवा.

अभ्यासक : नियम असा धरला जातो की स्वतंत्र पुरावे एकाच जागी रेषा ओढतात का. रंग एक रेषा दाखवतो, खवले तीच दाखवतात, जनुके तीच दाखवतात आणि किनाऱ्याचा इतिहासही तिलाच दुजोरा देतो, तेव्हा ती रेषा जातींमधली मानायची. बुचेरीच्या खाड्यांत जनुके बदलतात, पण बाकीच्या खुणा बदलत नाहीत. बेर्दा आणि पॅसिफिकस यांच्यामध्ये मात्र इंडोनेशियाचा उथळ पट्टा आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन काळात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. सुमात्रा, जावा आणि बोर्निओ आशियाच्या भूमीला जोडलेले होते. हे एकदा नव्हे, हिमयुगांच्या प्रत्येक फेऱ्यात घडले. हिंदी महासागर आणि पॅसिफिक यांच्या मधली दारे पुन्हा पुन्हा अरुंद झाली. खोल समुद्रात उतरणाऱ्या माशाला वळसा घालता येतो. खाडीला चिकटून राहणाऱ्या माशाला तो फार महाग पडतो.

साशंक : तोच इतिहास उलटही जातो. इराणचे आखात उथळ आहे. पातळी १२० मीटर खाली होती तेव्हा ते जवळपास कोरडेच होते, नद्यांचे खोरे होते. आज तिथे पोहणारा प्रत्येक मासा त्यानंतर होर्मुझच्या सामुद्रधुनीतून आत आलेला आहे. म्हणजे काही हजार वर्षांत या माशांनी अख्खे आखात भरून काढले. खाडीला चिकटून राहणारे, वळसा न घेणारे मासे असे वागत नाहीत. अंडी आणि अळ्या पाण्यावर तरंगत काही आठवडे वाहून जातात, हेही विसरता येत नाही.

अभ्यासक : रिकामी झालेली जागा भरणे आणि आधीच भरलेल्या जागेत शिरणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कोरडे आखात भरताना कोणाशी स्पर्धा नव्हती. भरलेल्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या थोड्या अळ्यांना तिथल्या जातीशी सामना करावा लागतो, आणि तिथले पाणी त्या जातीला मानवलेले असते. पिवळ्या परांच्या गटात हेच दिसते. २०१३ मध्ये लाटसच्या लांबलचक नकाशाची फेरतपासणी झाली. हे नाव हाउटाउनने १७८२ मध्ये जपानच्या माशाला दिले होते, म्हणून ते आता पूर्व आशियापुरते राहिले. वायव्य ऑस्ट्रेलियातला मासा मॉरिसोनी झाला. आखात, ओमान, इराण येथपासून भारताच्या पश्चिम किनाऱ्याने थेट तिरुवनंतपुरमपर्यंत पसरलेला तो अरेबिकस. आणि बंगालच्या उपसागराकडचा तो लाँगिस्पिनिस, व्हॅलॉन्सिएनने १८३० मध्येच दिलेल्या नावाने. म्हणजे कोकणच्या आणि गोव्याच्या खाड्यांतल्या ज्या पिवळ्या परांच्या माशाला पुस्तकांनी लाटस म्हटले, तो या मांडणीत आखाताशी नाते सांगणारा अरेबिकस ठरतो. आणि ओडिशातला त्याचा जोडीदार दुसरा.

साशंक : या मांडणीतली सर्वांत कच्ची कडी तीच आहे. मधली रेषा कन्याकुमारीच्या आसपास पडते. तिथे ना भूमीचा अडथळा आहे ना खोल दरीचा. उलट मोसमी वाऱ्यांबरोबर प्रवाहच दिशा बदलतो. नैर्ऋत्य मोसमात श्रीलंकेच्या दक्षिणेकडून पाणी पूर्वेला वाहते, हिवाळ्यात तेच पश्चिमेला. हिवाळ्यात बंगालच्या उपसागराचे कमी खारे पाणी वळसा घालून अरबी समुद्राच्या आग्नेय भागात शिरते. तरंगणाऱ्या अळीला याहून सोपा रस्ता मिळणार नाही. नमुने मुख्यतः दोन्ही टोकांकडचे असतील आणि मधल्या किनाऱ्यावरचे थोडे, तर हळूहळू बदलत जाणारी एकच जातही दोन वेगळ्या जातींसारखी दिसू शकते. रेषा मग निसर्गात नसते, नमुने जिथे गोळा झाले नाहीत तिथे असते.

अभ्यासक : हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर कागदावर देता येत नाही. दुसरी शक्यता मात्र सांगता येते. अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त, म्हणून पाणी खारे. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी यांचे गोडे पाणी येते, म्हणून वरचा थर कमी खारा. खाडीत वाढणाऱ्या माशाच्या पिल्लांना हा फरक जगण्या-मरण्याचा असू शकतो. अळ्या वळसा घालून पोहोचतही असतील, पण टिकतात किती हा प्रश्न वेगळा. प्रवाह उघडा आणि रेषाही खरी, हे एकाच वेळी शक्य आहे.

शिवाय नाव बदलले की व्यवहारही बदलतो. हे मासे आधी नर असतात आणि मोठे झाल्यावर त्यांतले बरेच मादी होतात. काळ्या सीब्रीममध्ये हा बदल बहुधा तिसऱ्या वर्षी होतो. मोठे मासे आधी पकडले गेले तर माद्याच आधी जातात. कुठल्या मापाखालचा मासा सोडायचा हे ठरवायला त्या किनाऱ्यावरच्या माशाची वाढ आणि वीण माहीत हवी. जपानमधल्या लाटसचे आकडे आखातातल्या अरेबिकसला लावून चालत नाही.

साशंक : नेमके याच्या उलट नुकसान झाले आहे, तेही पाहायला हवे. इराण आणि कुवेतमध्ये या माशाच्या वाढीवर, विणीवर आणि शेतीवर कित्येक वर्षे काम झाले. त्यातले बरेचसे लाटस या नावाने छापलेले आहे. जनुकक्रमांच्या सार्वजनिक साठ्यांतही जुने क्रम त्याच नावाने पडलेले आहेत. आज एखादा विद्यार्थी लाटसचे क्रम मागवतो, तेव्हा त्यात जपानचा मासा आणि आखाताचा मासा शेजारी शेजारी येतात. ठिकाणाची नोंद नीट नसेल तर ते वेगळे करणे कठीण. आणि ज्या बंदरांवर सगळे सीब्रीम एकाच टोपलीत मोजले जातात, तिथे वीस नावांनी पकडीचे आकडे सुधारत नाहीत. मापाचा नियम तर जातीचे नाव न बदलताही किनाऱ्यागणिक वेगळा ठेवता येतो. त्याला नवी लॅटिन नावे लागत नाहीत.

अभ्यासक : नियम वेगळा ठेवता येतो, पण तो वेगळा ठेवायला हवा याची शंका कोणाला यावी म्हणून काहीतरी दिसावे लागते. बेर्दा सगळीकडे एकच असे पुस्तकात छापलेले असताना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या घटीची नोंद भारतातल्या मुबलकतेत बुडून जाते. एवढ्या मोठ्या प्रदेशातला मासा सर्वत्र धोक्यात कसा असेल, असाच निष्कर्ष निघतो. व्हॅगस वेगळा झाला की आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या नदीमुखांचा हिशेब तिथल्या तिथे मांडावा लागतो. नदीमुखे बुजली, वर धरण बांधले, खारफुटी तोडली, तर त्याची भरपाई दुसऱ्या महासागरातून होणार नाही, हे तेव्हाच उघड होते.

साशंक : व्हॅगसपुरते हे मान्य करता येईल, कारण तिथे रंग, खवले आणि प्रदेश एकत्र येतात. कन्याकुमारीपुरते नाही. तिथला निकाल लावायचा तर कोल्लम, तिरुवनंतपुरम, कन्याकुमारी, तूत्तुकुडी, रामेश्वरम आणि श्रीलंकेचा पश्चिम किनारा इथले पिवळ्या परांचे मासे एकाच मोसमात गोळा करायला हवेत. प्रत्येकाच्या खवल्यांच्या ओळी एकाच हाताने मोजल्या जाव्यात. आईकडून येणारे जनुक आणि दोन्ही पालकांकडून येणारी जनुके दोन्ही तपासली जावीत. खुणा दक्षिणेकडे जाताना पायरी पायरीने बदलत गेल्या तर अरेबिकस आणि लाँगिस्पिनिस ही एकाच माशाची दोन टोके ठरतील.

अभ्यासक : आणि एखाद्या खाडीत दोन्ही प्रकारचे मासे शेजारी सापडले, दोघांच्या खुणा न मिसळता आपापल्या राहिल्या, आणि थोडे संकर असले तरी ते त्या पट्ट्यापुरतेच राहिले, तर ती रेषा ऑस्ट्रेलियातल्या रेषेसारखी ठरेल. तिसरा निकालही संभवतो: पाल्कच्या उथळ पाण्यात एक रेषा आणि श्रीलंकेच्या दक्षिणेला दुसरी, मध्ये दोन्हींहून वेगळा समूह. तसे झाले तर अरेबिकसच्या नकाशावरचे तिरुवनंतपुरमचे टोक नव्याने आखावे लागेल.

साशंक : आणि ते आखताना आधी पाहावे लागेल, की कन्याकुमारीच्या पूर्वेला पकडलेला पहिला मासा कोणत्या नावाने बरणीत ठेवला गेला होता.